आधी दोन, मग तीन

क्यूबात गाण्याला तालाच्या टाळ्या पडतात त्या आधी तीन, मग दोन. नेरेइदा जन्मभर आधी दोन वाजवत आली आणि तिचा नवरा एलिसेओ जन्मभर तिला टोकत आला. आता ती नव्हती. तिच्या पहिल्या स्मृतिदिनाला वाजवायचं म्हणून तो घरच्या कॉम्प्युटरवर तिच्यासाठी गाणं बांधत होता.

पण गाणं लावलं की टाळ्या ऐकू यायच्या. आधी दोन, मग तीन.

शेजारची ओमारा कॉफी घेऊन आली. तिनेही त्या ऐकल्या.

"काय रे, कॉम्प्युटरलाही नेरेइदानेच शिकवलं वाटतं?"

"अगं, मी टाळ्या घातल्याच नाहीत."

ओमाराला एकदम शेगडीवरचा भात आठवला. ती गेली.

एलिसेओने हार मानली. सगळं गाणं सरकवून त्याने तिच्या टाळ्यांवर बसवलं.

"घे बाई, तुझंच खरं."

गाणं पहिल्यांदाच जागेवर बसलं. त्याला हसू आलं.

तेवढ्यात त्या टाळ्यांत आणखी कुणाच्या तरी टाळ्या मिसळल्या. आधी तीन, मग दोन. जरा चिडक्या, तिला टोकणाऱ्या. त्याने त्या लगेच ओळखल्या. त्या त्याच्याच होत्या.

त्याचे दोन्ही हात की-बोर्डवर होते.