पाचव्या नंबरची बँक

प्रणिताने इंटर्नशिपसाठी बंगळुरूतल्या पाच छोट्या इन्व्हेस्टमेंट बँकांची तुलना करणारा तक्ता केला होता. पाचव्या बँकेला अर्ज पाठवताना बायोडेटाऐवजी चुकून तो तक्ताच जोडला गेला. तासाभरात तिथल्या साहेबांचा, बेळगावकडच्या नागराजसरांचा, फोन आला.

“तक्त्यात आमच्या नावापुढे लिहिलंय, ‘साहेब स्वतःच बोलत बसतात. कुठेच नाही जमलं तर इथे.’ कोण म्हणालं हे?”

“तुमचेच दोन जुने इंटर्न, सर.”

“नावं सांगा, मग मुलाखतीचं बघू.”

प्रणिताने डोळे मिटून घेतले. “मग मुलाखत राहू दे, सर. नावं सांगणार नाही, असं कबूल केलंय त्यांना.”

“सरी, बरं, राहू दे मुलाखत,” सर हसले. “इथे दिवसभर दुसऱ्या कंपन्यांची गुपितं सांभाळायची असतात. सोमवारी थेट कामावरच या.”