डब्यातली आई

"जाते म्हणू नये बयो, येते म्हणावं." लहानपणी उंबऱ्यात ऐकलेला आईचा हा बोल आज कुमुदला चटका लागावा तसा आठवला. भावाची पाच वर्षांची लेक, रेवू, भर संध्याकाळी जिन्यात एकटीच बसली होती.

"इथं काय करतेस गं?"

"आईची वाट बघतेय, आत्या. आत्ताच म्हणाली ना ती, येते!"

कुमुद ताडताड घरात शिरली. फडताळावरचा बोलका डबा, विचारलं की माणसासारखं उत्तर देणारं ते यंत्र, नुकताच बोलून बंद झाला होता. वहिनी जाऊन वर्ष झालं होतं, पण पोरीला सांगितलं होतं, आई गावाला गेलीय. वहिनीच्या जुन्या फोनवरून भावाने, विनूने, तिचा आवाज डब्यात भरला होता. तो रेवूला गाणी म्हणून दाखवी, पाढे घेई आणि थांबताना वहिनीसारखाच म्हणे, "येते हं, सोन्या."

"विनू, ही रोज जिन्यात बसते?"

"बसते थोडा वेळ. पण जेवते तरी, ताई."

"जेवते म्हणे! यंत्राच्या ओटीत लेकरू घातलंस आणि सुटलास! तिच्याजवळ कोण बसायचं, शेजारी?"

विनूची मान खाली गेली. "तिला कसं सांगू, हे मी डब्यालाच विचारलं होतं. तो म्हणाला, तुम्हीच सांगा, जवळ घेऊन सांगा."

"डब्याला कळलं, आणि बापाला नाही! लाज वाटू दे."

विनू उठला. जिन्यात लेकीशेजारी टेकला, तिला मांडीवर घेतलं.

"रेवू, आई गावाला नाही गेली. ती वारली, बाळा. मी खोटं बोललो."