देव उजव्या हाताला

“काका, बेट डावीकडे ठेवायचं! नियम आहे शर्यतीचा!” शिडाची दोरी ताणून धरत मी ओरडले.

“प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला असतो,” सुकाणूवरून भार्गवकाका म्हणाले. बेटाच्या टेकडीवर अपोलोच्या देवळाचे सात खांब उभे होते.

ग्रीसमधली शिडाच्या बोटींची हौशी शर्यत. तीन वर्षं शेवटचे येऊन यंदा आम्ही चक्क पहिले होतो. पण बेटाला चुकीच्या बाजूने वळसा घातला तर थेट बाद.

मागची बोट बरोबर बाजूला वळली. मग दुसरी. मग तिसरी.

“काका, मागे फिरा!”

“सुरू केलेली प्रदक्षिणा मोडू? मती फिरली का तुझी?”

चौथी वळली. माझे तळवे सोलून निघाले होते.

“काका, हे शंकराचं देऊळ समजा.”

काका थबकले. शंकराला आधी अर्धीच प्रदक्षिणा घालतात, मग मागे फिरून उलट्या बाजूने जातात.

“मग आधी सांगायचंस ना, शहाणे!” त्यांनी सुकाणू गर्रकन फिरवलं.

आम्ही पाचवे आलो. बंदरात पाय ठेवताच काकांनी परीक्षकांकडे पहिल्या चार बोटींविरुद्ध लेखी तक्रार दिली. आधीची अर्धी न घालताच त्या थेट उलट्या गेल्या होत्या.