पसाभर बाजरी

"पोरी, बाळाला वट्यावर एकटं निजवू नगं," विजयमालाबाई म्हणायच्या. शेजारची रुचा हसायची. "आजी, दोन मिनिटं तर कपडे वाळत घालते."

त्या मंगळवारी फ्रान्सहून एक बाई गल्लीत विचारत विचारत म्हातारीच्या दारात आली. चाळिशीची, रंगाने इथलीच. नाव क्लेर त्रुवे. इंग्रजी येतं म्हणून रुचाला बोलावलं. ती बाळाला कडेवर घेऊनच गेली.

क्लेरने नगरच्या अनाथाश्रमातल्या नोंदीची प्रत पुढे ठेवली. राहाता. उकिरड्यावर, सुपात. मुलगी, तीन दिवसांची. टाकलेली.

"त्रुवे हे माझ्या दत्तक वडिलांचं आडनाव," ती म्हणाली. "त्याचा अर्थ सापडलेला. त्यांचे खापरपणजोबा चर्चच्या पायरीवर सापडले होते. टाकून दिलेल्या मुलांना पूर्वी तिकडे असं आडनाव देत. मला ते बरोबर बसलं."

रुचाने मराठीत सांगितलं. म्हातारीने कागद बाजूला सारला.

"टाकली न्हवती. ठिवली हुती. आधीची दोन गेली माझी. तिसरं जगावं म्हनून उकिरड्यावर ठिवायचं, शेजारनीनं उचलायचं, आन् आपन पसाभर बाजरी देऊन तिच्याकडनं परत घ्यायचं. ज्योती उचलनार हुती. नेमकी तिची म्हैस सुटली. ती आली तवा पोर न्हाई, सूपबी न्हाई."

रुचाने सगळं सांगितलं, म्हशीसकट.

"मग शोधायला कुणी का नाही आलं?" क्लेर म्हणाली. "नगर इथून किती लांब आहे?"

हे मराठीत सांगताना रुचाने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"हिचा बाप म्हनला, बोभाटा नगं," विजयमालाबाई म्हणाल्या. "पोरगीच तर हुती."

रुचाने शेवटचं वाक्य गाळलं.

"त्या अजून काहीतरी म्हणाल्या," क्लेर म्हणाली.

रुचाने सांगितलं. क्लेरने कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि उठली. चहा तसाच राहिला.

रुचा आता केडगावला राहते. राहात्याकडे निघालेल्या प्रत्येकाला ती सांगते, तुम्हालाही सांगते: उकिरडा होता तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. सकाळी शटर उघडायच्या आधी जा. पायरीवर एक म्हातारी पदरात पसाभर बाजरी धरून बसलेली असेल. तिला तेवढं घरापर्यंत सोडाल?