बारावा ठिपका

अकरा रंग, अकरा लाकडी ठसे. प्रत्येक ठशाच्या कडेला एक बारीक खिळा असतो. त्यामुळे भिंतीला लावायच्या कागदाच्या काठावर रंगागणिक एक ठिपका उमटतो. फ्रान्समधल्या आल्सास प्रांतातल्या त्या कारखान्यात ओदील वीस वर्षं जुने नमुने नव्या घरांसाठी छापत आली होती.

"अगं, इथे बारा ठिपके आहेत," छपाईतला जोडीदार रेमी म्हणाला.

"चष्मा लाव."

"लावलाय."

बारावा ठसा एकेकाळी होता. या नमुन्यात खिडकीत उभ्या असलेल्या बाईचा निरोपाचा हात. ठसे कोरणाऱ्या म्हाताऱ्या आन्सेल्मनं तो दीड महिना खपून कोरला होता, पण नजर अधू झालेली. हाताला सहा बोटं आली. ओदीलनं तो ठसा गुपचूप शेगडीत घातला आणि बाईची बाही चौकटीआड संपवली.

"छापला. सुरेख आलाय," असं तिनं त्याला सांगितलं होतं. त्यानं ती कोरी जागा बोटांनी चाचपली, समाधानानं मान हलवली. ईस्टरच्या आधी तो गेला.

आता ओदीलनं त्या बाराव्या ठिपक्यावर बोट टेकवलं. बाकीचे अकरा कालच वाळले होते. हा ओला होता, आणि बोटाला जळक्या लाकडाचा वास येत होता.

रेमी आता वर, खिडकीच्या चित्रापाशी वाकला होता. "हा हात कधी घातलास? कोणी कोरला?"

तिला मान वर करवेना.

रेमी त्या हाताची बोटं मोजायच्याच भरात होता. "...चार, पाच," तो म्हणाला, आणि तिथे थांबला नाही.