वळणाच्या पुढे

प्लंबरने कॉलनीच्या अध्यक्षांच्या संडासात लाल रंगाची पूड टाकली, फ्लश ओढला आणि तो तडक नदीवर आला.

काठावर कॉलनीची कमिटी नाकाला रुमाल लावून उभी होती. शहराची घाण नको म्हणून ही मंडळी इतक्या लांब, नदीकाठी राहायला आलेली. महिनाभर सगळ्यांचं एकच पालुपद, वास खालच्या वस्तीचा आहे. ती माणसंच तसली.

दहा मिनिटं झाली. मग अध्यक्षांच्याच हिरवळीखालून, वेलींआड दडलेल्या पाइपातून, लालभडक पाणी भसाभसा नदीत पडू लागलं. त्याच्याबरोबर आणखी काय काय आलं.

एक बाई गुलाब बघू लागल्या.

"मैल्याची टाकीच नाही, साहेब. सगळं थेट नदीत जातंय. प्रत्येक बंगल्याचं."

"ते माहीत आहे हो," अध्यक्ष हळूच म्हणाले. "टाकीसाठी हिरवळ खणावी लागते. तुम्ही वासाचं बघा. पाइप वळणापर्यंत लांबवता येईल?"

"वळणावर माझं घर आहे. आम्ही तेच पाणी भरतो. मुलगी आत्ताच कुठे काविळीतून उठलीय."

अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. घरच्यासारखे म्हणाले, "अहो, मग आधी नाही का सांगायचं? तुमच्या घराच्या पुढे सोडू. मग तर झालं? पुढे कोण आहे आपलं?"

प्लंबरचा जीव भांड्यात पडला. किती पाइप लागेल, याचा त्याने नजरेने अंदाजही घेतला. वळणाच्या पुढे कोण कोण राहतं, ते त्याला घरागणिक ठाऊक होतं.

आणि वीस वर्षं तुंबलेल्या गटारांत कोपरापर्यंत हात घालणारा तो गडी, त्या नीट कातरलेल्या हिरवळीवर गुडघे टेकून भडाभडा ओकला.

"शी! बाजूला तरी जायचं!" गुलाबवाल्या बाई किंचाळल्या. "काय ही घाण!"

"हो ना," तो तोंड पुसत म्हणाला. "माझ्याकडून नाही व्हायचं हे काम."

पान्ह्यांची पिशवी उचलून तो फाटकापर्यंत पोचला, तेव्हा मागे अध्यक्ष दुसऱ्या प्लंबरला फोन लावून विचारत होते, "आधी एवढं सांगा, तुम्ही राहायला कुठे?"