अंगातला पाहुणा

दत्तारामच्या मनगटावरचा हिरवा दिवा सकाळपासून लागलेला होता, म्हणजे अंगात पाहुणा होता. चंद्रावरच्या वसाहतीत जन्मलेल्या कुणीतरी समुद्र पाहायला त्याचं शरीर दिवसभरासाठी भाड्याने घेतलं होतं. पूर्वी गावकरी खोल्या भाड्याने देत. खोल्या समुद्राने गिळल्या, तेव्हा भाड्याने द्यायला माणसंच उरली. ग्रामपंचायतीचे नियम मात्र कडक होते. पाहुण्याने पोहावं, जेवावं, दिवेलागणीला निघून जावं आणि घरच्यांशी चकार शब्द बोलू नये.

दत्तारामची बायको शालन चुलीपाशी बांगडे तळत होती. तेल उडालं आणि तिचा हात चांगलाच पोळला. पाटावर बसलेला नवरा ताडकन उठला आणि तिच्या हातावर तांब्याने पाणी ओतू लागला.

"तुम्हाला फार दुखतंय का?" त्याने हळूच विचारलं.

इतक्या वर्षांच्या संसारात त्या तोंडून हा प्रश्न ती पहिल्यांदाच ऐकत होती. तांब्यातलं पाणी संपलं, तरी तिने हात मागे घेतला नाही.

दिवेलागणीला हिरवा दिवा विझला. दत्तारामने डोळे चोळले आणि ताट पुढे ओढलं.

"बांगडे करपवलेस," तो म्हणाला आणि खाली मान घालून जेवू लागला.

नेहमीप्रमाणे पंचायतीच्या मयेकरबाई चौकशीला आल्या. "वहिनी, पाहुणा काही बोलला का? बोलला असेल तर सांगा. त्याला परत गावात येऊ देणार नाही."

शालनने पोळलेला हात पदराखाली घेतला.

"नाही हो," ती म्हणाली. "घरात कुणीच काही बोललं नाही."